बावीस मिनिटांचे आठ हजार सातशे डॉलर

पत्र थोडक्यात: पत्रलेखक न्यू जर्सीत राहतात, वय सेहेचाळीस, संगणक क्षेत्रात नोकरी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी २६ फुटी जुनी मोटरबोट घेतली. ऑगस्टमधल्या एका शनिवारी बायको, मुलगी आणि साताऱ्याहून आलेले आईवडील यांना घेऊन ते बार्नेगॅट बेमध्ये फिरायला गेले. वडिलांना दीपगृह जवळून पाहायचं होतं, म्हणून खाडीच्या मुखाकडे वळले आणि ओहोटीत वाळूच्या दांड्यावर बोट रुतली. अडलेली बोट ओढून नेणाऱ्या एका टोइंग कंपनीचं वार्षिक सभासदत्व त्यांनी घेतलेलं आहे. फोन केल्यावर चाळीस मिनिटांत टो-बोट आली. कॅप्टनने बोटीभोवती एक फेरी मारली, "हे टोइंगमध्ये बसत नाही, हे सॅल्व्हेज आहे" (म्हणजे धोक्यातली बोट वाचवण्याचं काम) असं सांगितलं आणि टॅब्लेट पुढे केला. यांनी बोटाने सही केली. दोर बांधल्यापासून बावीस मिनिटांत बोट मोकळी झाली. दहा दिवसांनी बिल आलं ८,७०० डॉलरचं, म्हणजे बोटीच्या ५८,००० डॉलर विमा-रकमेच्या १५ टक्के. मित्र म्हणतो, दुर्लक्ष कर, काय करतील? बायको म्हणते, भरून टाक आणि बोट विक. वडील साताऱ्याहून रोज फोनवर विचारतात, "त्या माणसाचे पैसे दिलेस का?" हप्ता वाढेल या भीतीने विमा कंपनीला अजून कळवलेलं नाही. त्यांचा प्रश्न असा, की ही सरळसरळ लूट नाही का? भरू, भांडू, की गप्प बसू?

नमस्कार,

तुमच्या पत्रात 'बावीस मिनिटं' हे शब्द सहा वेळा आलेत. मी मोजले. आठ हजार सातशेला बावीसने भागून तुम्ही मिनिटाचा दरही काढलाय, जवळजवळ चारशे डॉलर. आकडा बघून कुणाचंही डोकं फिरेल. पण तो भागाकार मला आधी तुमच्या हातातून काढून घ्यायचाय, कारण त्याच्या जोरावर भांडायला गेलात तर पहिल्याच फेरीत हराल. गंमत म्हणजे भांडण्यासारखे चांगले मुद्दे तुमच्याकडे आहेत, पण ते पत्रात कुठेच नाहीत.

मी वकील नाही. उमेदीची बरीच वर्षं मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीत जहाजांच्या विम्याचे दावे तपासण्यात गेली. तेव्हाचं शिकलेलं आणि नंतर वाचलेलं, एवढ्याच शिदोरीवर लिहितोय.

टोइंग हे भाड्याचं काम. ताशी दर ठरलेला असतो. बोट निघाली, नाही निघाली, दोर तुटला, अंधार पडला, तरी तास भरले की पैसे द्यायचे. सॅल्व्हेजमध्ये बोट निघाली तरच पैसे. नाही निघाली, तर डिझेल, माणसं, तुटलेला दोर, वाया गेलेला शनिवार, सगळं त्याच्या अंगावर. आंबोली घाटात रात्री ट्रक कलंडला की क्रेनवाला येतो आणि ट्रक वर आला काय, न आला काय, आपलं भाडं वाजवून घेतो. आता असा क्रेनवाला डोळ्यांपुढे आणा, जो म्हणतो की ट्रक निघाला नाही तर एक पैसा देऊ नका. त्याचा भाव पहिल्यासारखा असेल का? समुद्रावर हा दुसऱ्या जातीचा व्यवहार शेकडो वर्षं चालत आलाय, आणि मोबदला सढळ ठेवायचा हे कोर्टांनी जाणूनबुजून ठरवलंय, म्हणजे अडचणीतली बोट दिसल्यावर कुणी तोंड फिरवून जाऊ नये.

आता बावीस मिनिटांचं. १८९३ साली 'एल्फ्रिडा' नावाची एक ब्रिटिश आगबोट टेक्ससमध्ये ब्रॅझोस नदीच्या मुखाशी रुतली. मालकाच्या बाजूने २२,००० डॉलरवर करार झाला, बोट निघाली तरच पैसे, अशी अट. बोट मुदतीच्या पुष्कळ आधी निघाली आणि मग मालकाला तुमच्यासारखंच वाटलं, की एवढ्याशा कामाला एवढे पैसे? वरच्या कोर्टाने रक्कम १०,००० वर आणलीही. पण १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पूर्ण २२,००० बहाल केले. फसवणूक नव्हती, दडपण नव्हतं, आणि काम सोपं निघेल की अवघड हे करार करताना दोघांनाही ठाऊक नव्हतं. काम सोपं निघालं म्हणून मागाहून भाव पाडता येत नाही. त्या कॅप्टनने दोन तास लावून, चार वेळा दोर तोडून, तुमच्या बोटीचं बूड खरवडून ती काढली असती तर तुम्हाला ८,७०० जास्त रास्त वाटले असते का? मला वाटतं, वाटले असते. आणि त्यातच या युक्तिवादाचा दोष आहे.

मग टोइंग कुठे संपतं आणि सॅल्व्हेज कुठे सुरू होतं? कायदा तीन गोष्टी बघतो. बोट धोक्यात होती का, मदत करणाऱ्यावर ती मदत करण्याचं आधीचं बंधन नव्हतं ना, आणि मदतीला यश आलं का. यश आलं, त्यात वाद नाही. उरल्या दोन. तुमचं सगळं प्रकरण या दोन गोष्टींवर उभं आहे.

धोक्याबद्दल तुम्ही लिहिता, "नुसती वाळू होती, खडक नव्हता, ऊन पडलं होतं, आम्ही कुठे बुडत होतो?" पण दोन परिच्छेद आधी तुम्हीच लिहून गेलात की "दर लाटेला खालून धप् असा आवाज येत होता आणि आई रामरक्षा म्हणत होती." तुमच्या पत्रातलं सर्वांत महागडं वाक्य हेच. बोट वाळूवर शांत टेकून बसली असेल तर गोष्ट वेगळी. भरती येईपर्यंत सँडविच खात बसता येतं. पण लाटेसरशी उचलली जाऊन पुन्हा आपटत असेल, तर दर आपटीला ती थोडी आणखी आत बसते, आणि बुडाला, पंख्याच्या दांड्याला, सुकाणूला मार लागत राहतो. त्यात ओहोटी चालू. पाणी उतरत जाणार, म्हणजे दर दहा मिनिटांनी बोट काढणं अवघड होत जाणार. बार्नेगॅटच्या मुखाची ख्याती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आतली खाडी उथळ आणि शांत, पण मुखाशी ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आणि समुद्राकडून येणारी लाट एकमेकांना भिडतात, आणि वाळूचे दांडे जागा इतके बदलतात की तटरक्षक दलाला बोया (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) उचलून हलवाव्या लागतात. नकाशावर खोल दाखवलेली जागा प्रत्यक्षात खोल असेलच असं नाही. तुमची चूक फार मोठी होती असं मला म्हणायचं नाही. पण "नुसती वाळू" हा बचाव तिथे चालायचा नाही. आपल्या गोव्यातल्या कांदोळीच्या किनाऱ्यावर २००० साली 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज असंच वाळूत रुतलं, ते दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच कुजत पडलं आणि शेवटी तुकडे करून काढावं लागलं. तुमची बोट आणि ते जहाज यांची तुलना होत नाही, पण वाळूला कमी लेखू नये.

धोका अगदी डोक्यावर आलेला असायलाच हवा असंही नाही. वेळीच मदत मिळाली नाही तर नुकसान होईल, अशी रास्त भीती असली की पुरे. त्यामुळे त्या दिवशी सॅल्व्हेज झालंच नाही असं कुणाला पटवणं मला कठीण दिसतं. अगदीच अशक्य नाही, कठीण.

दुसऱ्या गोष्टीत मात्र तुमचं पारडं बरं आहे. तुम्ही सभासद आहात. सभासदत्वाच्या करारानुसार जे काम करायला ती कंपनी आधीच बांधील आहे, त्याच कामाचा ती सॅल्व्हेज म्हणून मोबदला मागू शकत नाही. तेव्हा आज रात्री तो करार काढा आणि वाचा. (घेतल्यापासून एकदाही वाचला नसणार. कुणीच वाचत नाही, मीही माझ्या फ्रिजच्या वॉरंटीचे कागद वाचलेले नाहीत.) त्यात रुतलेल्या बोटीबद्दल एक व्याख्या असेल. अशा करारांत सहसा किरकोळ रुतणं फुकट काढून देतात, आणि किरकोळ म्हणजे काय ते पुढे लिहिलेलं असतं. बोटीच्या सगळ्या बाजूंनी पाणी हवं, हलवली तर हलायला हवी, लाटांचा मारा नको, आणि एका टो-बोटीने एका दोराने पंधरा मिनिटांच्या आसपास निघायला हवी. शब्द कंपनीगणिक बदलतात, म्हणून तुमच्याच कागदावरचे शब्द बघा. आणि इथे, फक्त इथेच, तुमच्या लाडक्या बावीस मिनिटांना किंमत येते. त्या बावीस मिनिटांत प्रत्यक्ष ओढणं किती आणि दोर नीट बांधणं, दिशा ठरवणं, थांबणं किती? पहिल्याच ओढीला बोट सुटली असेल तर ती व्याख्येत बसते असं म्हणायला जागा आहे. मुलीने व्हिडिओ काढला होता असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या वयाची मुलं सगळंच टिपतात. तो व्हिडिओ आजच उतरवून ठेवा, मूळ फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको. त्यात लाट दिसते का, बोट किती हलते, दोर किती वाजता ताणला, किती वाजता सुटला, सगळं आहे. तुमच्या बाजूने जाईल की विरुद्ध, ते बघितल्याशिवाय कळणार नाही. आधी एकट्याने बघा.

आता पंधरा टक्क्यांचं. समजा, सॅल्व्हेज झालं हे मान्य. तरी पंधरा टक्के हा आकडा कायद्यात कुठेच नाही. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज कराराच्या तेराव्या कलमात मोबदला कसा ठरवावा याचे निकष आहेत. धोका किती होता, वाचवलेल्या बोटीची किंमत, मदत करणाऱ्याचं कौशल्य, त्याचा वेळ आणि खर्च, त्याने स्वतःच्या बोटीला आणि माणसांना किती धोक्यात घातलं, किती तत्परता दाखवली, साधनं किती सज्ज ठेवली होती, वगैरे. मोबदला बोटीच्या किमतीच्या वर जाऊ शकत नाही, एवढी वरची मर्यादा. बाकी प्रकरणागणिक. उन्हात, दिवसा, किनाऱ्यापासून जवळ, वारा बेताचा, बोटीत पाणी शिरलेलं नाही, इंजिन चालू, टो-बोटीला स्वतःला फारसा धोका नाही, हे सगळं रक्कम खाली ओढणारं आहे. "सॅल्व्हेज नव्हतंच" असं म्हणण्यापेक्षा "सॅल्व्हेज असेल, पण अगदी हलकं" असं म्हणा. हे वाक्य समोरच्याला ऐकून घ्यावं लागतं.

त्यातच आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. टक्केवारी काढायचीच तर ती वाचवलेल्या बोटीच्या त्या दिवशीच्या खऱ्या किमतीवर निघते. ५८,००० ही तुमच्या पॉलिसीवर लिहिलेली, दोघांनी आधीच कबूल केलेली रक्कम. तीन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली बोट आज बाजारात किती आणेल? शिवाय पंखा वाकलाय म्हणता, त्याच्या दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा. बोट ४४,००० ची ठरली तर तुमचे पंधरा टक्के आपोआप ६,६०० वर येतात, अजून भांडायला सुरुवातही न करता. एखाद्या मरीन सर्व्हेयरकडून, म्हणजे बोटींची तपासणी करणाऱ्या जाणकाराकडून, लेखी किंमत करून घ्या. आणि आठवून बघा, ५८,००० हा आकडा त्यांच्याकडे आला कुठून? बहुतेक त्या टॅब्लेटवर तुम्हीच भरला असणार.

त्या सहीचं काय, असं तुम्ही विचारलंय. "सही केली म्हणजे संपलं" आणि "दबावाखाली केली म्हणजे रद्द", ही दोन्ही मतं तुमच्या पत्रात आहेत, एका पानाच्या अंतराने. दोन्ही अर्धवट आहेत. त्याच आंतरराष्ट्रीय कराराच्या सातव्या कलमाप्रमाणे धोक्याच्या दडपणाखाली झालेला आणि अन्यायकारक अटींचा करार, किंवा कामाच्या मानाने फारच जास्त रक्कम मागणारा करार, रद्द करता येतो किंवा त्यात बदल करता येतो. तेव्हा सही म्हणजे दगडावरची रेघ नाही. पण सही केली नसती तर सुटला असता का? नाही. सॅल्व्हेजला कराराची गरजच नसते. धोक्यातली बोट स्वखुशीने वाचवली की हक्क तयार होतो, कागद असो वा नसो. उलट कधीकधी कागद असलेलाच बरा, कारण त्यात लवादाची सोय असते. तुमच्या फॉर्मची प्रत मागून घ्या आणि वाद झाला तर कुठे जायचं ते कलम बघा.

कागद असण्या-नसण्यावरून केवढाली भांडणं होतात याचं मोठं उदाहरण तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं 'एव्हर गिव्हन'. त्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते. सहा दिवसांनी जहाज निघालं, जगाने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग लंडनच्या कोर्टात नेमका तुमचाच वाद सुरू झाला. मालक म्हणाले, ईमेलवर आमचे दर ठरले होते, त्या दरांनी पैसे घ्या. जहाज काढणारी कंपनी म्हणाली, बोलणी चालू होती, करार झालाच नव्हता, सॅल्व्हेजचा मोबदला द्या. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी सगळे ईमेल चाळून सांगितलं की करार झालेला नव्हता, आणि पुढच्या वर्षी अपिलातही तेच कायम राहिलं. जगातले जाणते लोक, हाताशी वकील, तरी दर ठरला की नाही यावरच अडलं. तेव्हा बायको-मुलगी-आईवडील बोटीत असताना उन्हात चमकणाऱ्या टॅब्लेटवरचं बारीक अक्षर तुम्ही वाचलं नाहीत, याबद्दल स्वतःला फार छळू नका.

मित्राचं म्हणणं, "दुर्लक्ष कर". मित्राची बोट नाही, असं मी समजतो. सॅल्व्हेजचा दावा माणसापेक्षा बोटीला चिकटतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि जमीन विकली तरी बोजा जमिनीबरोबर जातो, तसंच. या बोज्यासाठी फेडरल कोर्टातून बोट जप्त करता येते. दावा करायला त्यांच्याकडे दोन वर्षं आहेत. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर दोन वर्षं ही टांगती तलवार, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे बोट विकायला काढलीत तर घेणाऱ्याच्या गळ्यात घोंगडं. अर्थात एवढ्या रकमेसाठी कोर्टात जाणं त्यांनाही परवडणारं नाही, म्हणूनच अशी बहुतेक प्रकरणं फोनवर आणि पत्रांतून मिटतात. पण मिटवायला बोलावं लागतं.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. विमा कंपनीला कळवलं नाहीत. महिना उलटला. हप्ता वाढेल म्हणून. अहो, हप्ता किती वाढेल आणि ८,७०० किती? बोटीच्या बहुतेक पॉलिशींत सॅल्व्हेजचा खर्च धरलेला असतो, उलट साध्या टोइंगसाठी किरकोळ मर्यादा असते किंवा काहीच नसतं. म्हणजे हे सॅल्व्हेज ठरलं तर ते विमा कंपनीचं डोकेदुखीचं काम आहे, आणि असल्या बिलांची घासाघीस करणारी माणसं त्यांच्याकडे पगारावर असतात. ती तुमच्यापेक्षा कितीतरी चांगली भांडतात, आणि रागावत नाहीत. पण जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत "लवकरात लवकर कळवा" ही अट असते. उशीर जितका जास्त, तितकी त्यांना हात झटकायला सोपी जागा. मी त्या बाजूला बसून हे पाहिलेलं आहे. खरा दावा, खरं नुकसान, पण माणूस चार महिने गप्प बसलेला. फायलीवर लाल शेरा मारताना मला वाईट वाटायचं, पण मारावा लागायचा. उद्या सकाळी फोन करा. उशीर का झाला ते सरळ सांगा, "मला वाटलं सभासदत्वात बसेल". ते खरंही आहे. आणि त्यांच्याशी बोलण्याआधी टोइंग कंपनीला एक डॉलरही देऊ नका, "दोन हजारांत मिटवू" असंही लिहू नका. तुम्ही परस्पर कबूल केलेली रक्कम विमा कंपनी मानेलच असं नाही.

टोइंग कंपनीला मात्र आजच एक छोटी ईमेल पाठवा. राग, लूट, वकील, गूगल रिव्ह्यू यांतलं काही नको. एवढंच लिहा की बिल मिळालं, विमा कंपनीला कळवतो आहे, आणि पुढच्या गोष्टींच्या प्रती हव्यात: सही केलेला फॉर्म, कॅप्टनने त्या दिवशी लिहिलेली नोंद, टो-बोटीवरून काढलेले फोटो, आणि बोटीची किंमत कशावरून धरली त्याचा हिशोब. हिशोब मागणं म्हणजे भांडण नाही. दरम्यान तुमच्या बाजूचा कागद जमवा. चार्टप्लॉटरमधला (बोटीवरच्या नकाशाच्या यंत्रातला) त्या दिवसाचा माग पुसला जायच्या आत काढून घ्या. त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक आणि वाऱ्याच्या नोंदी नोआ या अमेरिकेच्या हवामान-समुद्र खात्याच्या संकेतस्थळावर सापडतील. फोनमधल्या कॉलच्या वेळा. पंख्याच्या दुरुस्तीचं बिल. आणि त्या दिवसाची हकीकत एका पानावर लिहून काढा, तो धप् आवाजही त्यात आला पाहिजे. तुमच्या गैरसोयीचं तेवढं गाळलेली हकीकत अनुभवी माणसाला दुसऱ्या ओळीत कळते.

हे वाचणाऱ्या, अजून न रुतलेल्या मंडळींसाठी दोन शब्द. दोर हातात घेण्याआधी मोठ्याने विचारा, "हे टोइंग की सॅल्व्हेज? तासावर की ठरलेल्या रकमेवर?" तासाचा दर किंवा पक्की रक्कम दोघांनी कबूल केली, की पुढे टक्केवारीचा प्रश्न सहसा उरत नाही. हा सवाल-जवाब फोनवर रेकॉर्ड झाला तर उत्तमच, सांगून करा. कॅप्टन सॅल्व्हेज म्हणाला आणि तुम्हाला खात्री असेल की बोट शांत टेकलेली आहे, पाणी शिरत नाही, भरती दोन तासांवर आहे, तर "नको, मी थांबतो" म्हणायचा हक्क मालकाला आहे. मग सर्वांना जीवरक्षक जाकिटं घाला, खोल पाण्याच्या बाजूला नांगर टाका आणि थांबा. इंजिन रेटून रिव्हर्समध्ये घालू नका. पंखा वाळू उडवतो, ती वाळू थंडाव्याच्या पाण्याबरोबर इंजिनात जाते, आणि रुतण्यापेक्षा तेच महाग पडतं. मात्र बोट आपटत असेल, पाणी येत असेल, कुणाला दुखापत झाली असेल, तर भावाची चर्चा करू नका. बोटीच्या रेडिओवर चॅनल १६ या संकटाच्या हाकेसाठीच्या वाहिनीवर हाक द्या. जीव धोक्यात नसेल तर अमेरिकेतलं तटरक्षक दल स्वतः ओढायला सहसा येत नाही, खासगी टो-बोटींना कळवतं, हेही लक्षात असू द्या.

कोकणातून बोटवाल्यांची पत्रं येतात म्हणून तिकडचंही एका वाक्यात सांगतो. आपल्याकडे २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्यात सॅल्व्हेज आणि टोइंग दोन्ही सागरी दावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयापुढे नेता येतात, पण त्या कायद्यातल्या बोज्यांच्या यादीत नाव आहे ते सॅल्व्हेजचं, टोइंगचं नाही. शेजारच्या ट्रॉलरने ओढून आणल्यावर "टोइंगच केलं ना, मासळीचा वाटा देतो" म्हणणाऱ्यांनी आणि तो घेणाऱ्यांनी हा फरक डोक्यात ठेवावा.

राहिले तुमचे वडील. त्यांचा रोजचा प्रश्न तुम्हाला टोचतोय, कारण त्यांच्या लेखी तो माणूस देवासारखा आला आणि तुमच्या लेखी तो लुटारू आहे. पण ते दोन वेगळ्या देण्यांबद्दल बोलताहेत आणि तुम्ही एकाबद्दल. जीव वाचवल्याबद्दल कायदा वाचलेल्या माणसाकडून पैसे मागूच देत नाही. तुमच्या आईच्या रामरक्षेचं बिल कुणी लावलेलं नाही. लावलेलं आहे ते फायबरग्लासचं आणि इंजिनाचं. ते बिल घासून कमी करण्यात कृतघ्नपणा कसला? आणि बिल लागलं म्हणून त्या कॅप्टनचे आभार मानायचे राहून जावेत हेही बरं नाही. त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये असेल. बिलाचा शब्दही न काढता त्याला एक ओळ पाठवा, की आईवडील सुखरूप घरी पोचले. दावा विमा कंपनी आणि त्याची कंपनी बघून घेतील. मग संध्याकाळी वडिलांचा फोन आला, की त्यांना सांगता येईल, पैशांचं चाललंय, आभार मात्र कळवले. माझा अंदाज आहे, ते रोज पैशांबद्दल विचारत नसावेत. दीपगृह बघायचा हट्ट त्यांनी धरला होता.

बोट विकायची की नाही, हे मला विचारू नका. बायकोला विचारा, पण बिल मिटल्यावर. आणि विकलीत तरी आधी मुखाकडचा तो दांडा एकदा भरतीच्या वेळी, अंतर राखून बघून या. मुलीला घेऊन. व्हिडिओ तिनेच काढलाय.